बेबी ऑफ रेवतीच्या आंघोळीबाबत

सुधन्वाला खोटं बोलता येत नाही, अशी दोन्ही घरांत त्याची ख्याती होती. ती अर्धीच खरी होती. तोंडी त्याला जमत नसे. कान लाल व्हायचे, चष्मा पुसायला घ्यावा लागायचा. लेखी मात्र तो या कामात तरबेज होता. दिल्लीतल्या एका मंत्रालयात पंधरा वर्षं टिपणं लिहून त्याचा हात चांगला बसला होता. ज्या कामाकडे कोणी ढुंकूनही पाहिलेलं नाही ते ‘प्रगतिपथावर आहे’ असं लिहिताना त्याचं पेन कधी अडखळलं नव्हतं. तेव्हा बायकोला रोज संध्याकाळी सहा-सात ओळींची थाप लिहून पाठवणं त्याला जड जाण्याचं काही कारण नव्हतं. जड गेलं ते पुढे, हॉस्पिटलवाल्यांनी पाण्याचा टब मध्ये आणल्यावर.

झालं होतं असं. त्याची मुलगी दहा आठवडे आधीच जगात आली. जन्मली तेव्हा तिचं वजन बाराशे ऐंशी ग्रॅम होतं. फरीदाबादच्या एका हॉस्पिटलात, नवजात बाळांच्या आयसीयूमध्ये, तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि पेटीवर नावाच्या जागी ‘बेबी ऑफ रेवती’ एवढंच लिहिलेलं होतं. रेवती म्हणजे सुधन्वाची बायको. तिचे सिझेरियनचे टाके पिकले आणि ती तापाने फणफणत घरी पडली. पुढे ताप उतरला, पण जखम ओली होती, आणि ती सुकेपर्यंत तिला आयसीयूत पाऊल टाकायला बंदी होती. आत आईबापांखेरीज कोणालाच सोडत नसत, म्हणजे मुलीकडे जाऊ शकेल असा घरात एकच माणूस उरला, आणि मुलीचं नशीब असं की तो सुधन्वा होता.

जाण्यात तो कमी पडला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. सकाळी ऑफिसच्या आधी रेवतीच्या दुधाच्या बाटल्या बर्फाच्या पिशवीतून पोहोचवायचा. संध्याकाळी केंद्रीय सचिवालयाहून मेट्रो पकडून बाटा चौकात उतरायचा, हॉस्पिटलात जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचा आणि तासभर पेटीपाशी उभा राहायचा. नुसता उभा राहायचा. दोन्ही हात पाठीमागे बांधून, एखाद्या साहेबाने पंपिंग स्टेशनची पाहणी करावी तसा.

याला कारण होतं. तिसऱ्या दिवशी त्याने पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून तिच्या तळपायाला एक बोट लावलं होतं. ती दचकली, हातपाय फेकले, तिचा रंग बदलला आणि वरचं यंत्र कोकलायला लागलं. सिस्टर आली, तिने बाळाची पाठ जराशी चोळली, यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा पुन्हा वर चढला. लवकर जन्मलेल्या बाळांचं असं होतं, घाबरू नका, असं सांगून ती निघूनही गेली. सगळं मिळून वीस सेकंद. पण सुधन्वाच्या पाचावर धारण बसली ती बसलीच. आपण आत्ता हिला मारलं असतं, असं त्याच्या मनाने घेतलं. पुढे सिस्टरांनी त्याला खुर्ची दिली, शर्टाची बटणं काढून बाळाला छातीशी घ्या म्हणाल्या, तेव्हा त्याने खोकला असल्याचं सांगितलं. नोव्हेंबरातल्या दिल्लीत खोकल्यावर कोणी संशय घेत नाही. मग मास्क लावून लांबूनच बघा, असं ठरलं.

आता हे रेवतीला कसं सांगायचं? ती पलंगावर पडून फोनकडे डोळे लावून असायची. म्हणून हॉस्पिटलातून घरी येताना ई-रिक्षात बसल्याबसल्या तो लिहायला लागला. पहिल्या दिवशी फक्त, ‘आज तिचा हात धरला’ एवढंच लिहिलं. रेवतीने उलट विचारलं की कसा होता हात. मग दुसऱ्या दिवशी जरा तपशील आले. तिसऱ्या दिवशी आणखी. आठवड्याभरात त्याची लेखणी अशी काही फुलली की ‘आज माझ्या तळहातावर डोकं ठेवून पाऊण तास झोपली. मी बोट हलवलं की झोपेतच ओठ हलवते’ इथपर्यंत मजल गेली. रेवती ते आपल्या आईला, म्हणजे बाळंतपणासाठी पुण्याहून आलेल्या कुसुमावतीबाईंना, मोठ्याने वाचून दाखवायची. कुसुमावतीबाई ते बहिणींच्या ग्रुपवर टाकायच्या. पुण्यात सुधन्वा आदर्श बाप म्हणून गाजू लागला. एका मावससासूबाईंनी आपल्या मुलाला त्याचं उदाहरण दिलं, तेव्हापासून तो मुलगा सुधन्वाच्या मेसेजला उत्तर देईनासा झाला.

घरी पोचल्यावर रेवती काही खोदून विचारू लागली की ‘लिहिलंय ना सगळं’ म्हणत तो चष्मा पुसायला घ्यायचा.

त्या अहवालांतली मुलगी मजेत होती. पेटीतली मुलगी मजेत नव्हती. तिचा ऑक्सिजन निघाला, सलाईन निघालं, दूध पचायला लागलं. पण कोणी लंगोट बदलायला जरी हात लावला तरी ती ताठ व्हायची आणि दमेपर्यंत रडायची. झोप धड नाही. पोटात गेलेलं सगळं रडण्यातच खर्च व्हायचं. आठवडाभर तिचं वजन पंधराशे वीसच्या पुढे सरकेना. अठराशे झाल्याशिवाय घरी सोडणार नव्हते. सुधन्वा रोज तो आकडा बघायचा. तोही अहवालात यायचा नाही.

अशात मंगळवारी चेतना मॅडमनी त्याला गाठलं. या तिथल्या फिजिओथेरपिस्ट, बल्लभगडच्या, वयाने त्याच्याहून लहान, बोलायला सरळसोट. त्यांनी हिंदीत समजावलं ते असं: बाळाला मलमलच्या कापडात पोटातल्यासारखं आवळून गुंडाळायचं आणि कोमट पाण्याच्या टबात खांद्यापर्यंत अलगद सोडायचं. साबण नाही, चोळणं नाही. दहा मिनिटं नुसतं धरून ठेवायचं. पाण्यात बाळ शांत होतं, नंतर चांगलं झोपतं. मोठ्या डॉक्टरांची परवानगी झाली होती. एका संमतिपत्रावर सही हवी होती आणि धरायला हवे होते बापाचे हात. सिस्टर बाजूला उभी राहील, पण धरणार नाही. आणि हो, वॉर्डाच्या टॅबवरून मम्मीला व्हिडिओ कॉल लावू, तिलाही बघता येईल.

नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. रेवतीच्या हिशेबाने सुधन्वा या बाबतीत आतापावेतो पारंगत झालेला होता. तिच्यासमोर मुलीला हात लावायचा, मुलगी ताठ होऊन कोकलणार, यंत्र कोकलणार, आणि पुण्यातला आदर्श बाप पाण्यात बुडणार. सुधन्वाने संकटात सापडलेल्या सरकारी माणसाचा जुना उपाय केला. अभ्यास करून सांगतो म्हणाला आणि कागद घरी घेऊन आला.

रात्रीच्या जेवणाआधीच त्याने फुलस्केप कागदावर, व्यवस्थित समास सोडून, अकरा शंका लिहून काढल्या. हिरवी शाई वापरण्याइतका त्याचा हुद्दा मोठा नव्हता, म्हणून निळ्या शाईत. पाणी कुठलं? उकळलेलं असेल काय? थर्मामीटरची शेवटची तपासणी कधी झाली? वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था काय? यापूर्वी किती बाळांवर प्रयोग झाला व त्यांची सद्यःस्थिती काय? अशा चढत्या क्रमाने तो अकराव्या शंकेपर्यंत आला. सदर कामासाठी पित्याऐवजी अधिकृत प्रतिनिधी नेमता येईल काय? लिहून झाल्यावर त्याने कागद लांब धरून वाचला आणि त्याला बरं वाटलं. असा कागद त्याच्या मंत्रालयातून निघाला असता तर उत्तर यायला तीन महिने लागले असते. तोवर मुलगी अठराशेची झाली असती.

चेतना मॅडमना अकरा मिनिटं लागली. बुधवारी संध्याकाळी त्यांनी पेटीपाशी उभ्याउभ्याच एकेक शंका वाचली आणि एकेका वाक्यात निकाली काढली. दहा शंका संपल्या. अकरावी वाचून त्यांनी कागदाची घडी घातली.

“सर, हाथ तो आप ही के लगेंगे,” त्या म्हणाल्या. “इस बच्ची ने आज तक जितने हाथ देखे हैं, सब सुई वाले देखे हैं. एक जोड़ी हाथ तो ऐसे हों जो कुछ न करें.”

काही न करणं हा तर सुधन्वाचा हातखंडा. पण तेही आपल्याला भीती वाटते म्हणून टाळायचं, ही अवस्था त्याची त्यालाच केविलवाणी वाटली. त्याने शेवटचा प्रयत्न म्हणून खोकल्याची आठवण करून दिली. चेतना मॅडम म्हणाल्या, तीन हफ़्ते से आपको खाँसी है और मैंने एक बार भी नहीं सुनी. त्यांनी पेन पुढे केलं. त्याने सही केली. शनिवार, सकाळी अकराची वेळ ठरली.

दोन दिवस हातात होते. सुधन्वाने ठरवलं की सराव करायचा. शुक्रवारी संध्याकाळी रेवती पडलेली आणि कुसुमावतीबाई खाली भाजी आणायला गेलेल्या बघून त्याने दीड किलो मुगाची डाळ मोजली, वर वीस ग्रॅम टाकली, ती एका पंच्यात आवळून बांधली आणि बाथरूममध्ये बादलीभर कोमट पाण्यात तिला खांद्यापर्यंत बुडवलं. डाळीला खांदे नसतात, हे त्याने अंदाजाने ठरवलं. एक हात मानेखाली, एक हात कुल्ल्यांखाली. डाळ अजिबात रडली नाही. तो हरखला. दहा मिनिटांवर त्याचं समाधान होईना, म्हणून अर्धा तास धरली. कुसुमावतीबाई परत आल्या तेव्हा जावई बादलीपाशी उकिडवा बसून मुगाच्या गाठोड्याला हळू आवाजात, घाबरायचं नाही, असं सांगत होता. त्या क्षणभर दारात थांबल्या. मग एवढंच म्हणाल्या की सुधन्वाराव, भिजलीच आहे तर उद्या धिरडी करते. पुण्याच्या ग्रुपवर हे त्यांनी टाकलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

शनिवारी आयसीयूत टब तयार होता. घरच्या बादलीसारखा नव्हता, पारदर्शक आणि खोलगट. त्यात पाणी, पाण्यात थर्मामीटर, सदतीस आणि थोडं वर. बाजूच्या स्टँडवर टॅब लावलेला आणि त्यात रेवतीचा चेहरा. तिने केस नीट बांधले होते. सुधन्वाला ते बघून भडभडून आलं, आणि धडकीही भरली.

सिस्टरने मुलीला उचलून कापडात गुंडाळलं. गुंडाळतानाच ती रडायला लागली. पायाला नाडीची वायर बांधलेली होती, आणि यंत्रावरचा आकडा एकशे नव्वदच्या पुढे गेला. चेतना मॅडमनी सुधन्वाचे हात धरून टबावर आणले आणि ते गाठोडं त्यात ठेवलं. ते डाळीसारखं मुळीच नव्हतं. डाळीला आतून धक्के बसत नाहीत. ही सगळी थरथरत होती, आणि तिची कवटी त्याच्या तळहाताच्या अर्ध्यातच संपत होती. यंत्र कोकलायला लागलं. सुधन्वाचे हात आपोआप मागे यायला निघाले.

चेतना मॅडमनी त्याची मनगटं खालून दाबून धरली. “हाथ आते हैं और चले जाते हैं, इसी से डरती है,” त्या म्हणाल्या. “आप टिके रहिए, बस.”

तो टिकला. धैर्याने नव्हे, मनगटं सुटत नव्हती म्हणून. पाय आधी, मग पोट, मग खांदे असे पाण्यात गेले. पाण्यात गेल्यावर तिचं वजन हातातून नाहीसंच झालं. आता धरण्यासारखं काही उरलं नव्हतं, फक्त सोडून जायचं नव्हतं. अर्धं मिनिट ती तशीच रडत राहिली. मग रडणं तुटक झालं. मग एक लांब हुंदका आला, आणि थांबलं. आकडा एकशे सत्तरवर आला, एकशे पंचावन्नवर आला. चेतना मॅडमनी त्याची मनगटं कधी सोडली ते त्याला कळलंही नाही. मुलीने डोळे उघडले. ती त्याच्याकडे बघत नव्हती, कुठेच बघत नव्हती, पण भुवया मोकळ्या झालेल्या होत्या. तिचं आठ्यांशिवायचं कपाळ त्याने आज पहिल्यांदा पाहिलं.

“किती छान धरतोस रे,” टॅबमधून रेवती म्हणाली. “तू लिहितोस तस्संच.”

सुधन्वाला चष्मा पुसायचा होता. पुसता येत नव्हता. कान लाल झाले होते ते झाकता येत नव्हते. तोंड फिरवावं तर हातातल्या मुलीवरून नजर काढायची हिंमत नव्हती. लिहून पाठवतो म्हणायची तर सोयच नव्हती. आजूबाजूला चेतना मॅडम, सिस्टर आणि पलीकडे दुसऱ्या बाळांच्या दोन आया होत्या, पण त्यांच्यापैकी कोणालाही मराठी येत नव्हतं. फरीदाबादमध्ये मराठी माणसाला एवढी एक सवलत असते, ती आज त्याने घेतली.

“रेवती, मी हिला आज पहिल्यांदा धरतोय,” तो म्हणाला. “ते सगळं खोटं होतं. मी रोज येऊन नुसता उभा राहत होतो. तिसऱ्या दिवशी हात लावला आणि तिचा श्वास अडकला, त्यानंतर माझी छातीच झाली नाही. तुला काय लिहायचं म्हणून मी लिहीत गेलो.”

नको तेव्हा तुटणारं नेटवर्क आज तुटलेलं असावं अशी त्याला फार आशा वाटली. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. चित्र स्वच्छ होतं. रेवती रडत होती, पण त्याच्याकडे बघून नव्हे. खाली, स्वतःच्या हातांकडे बघत.

“माझी जखम सुकलीय,” ती म्हणाली. “सोमवारी तपासायला गेले ना, तेव्हाच डॉक्टर म्हणाली, आता जा बाळाकडे. आई बाहेर बसली होती, तिलाही मी सांगितलं नाही. अजून आठवडाभर नको म्हणालेत, असं सांगितलं.”

“का पण?”

“तुझ्या हातावर पाऊण तास झोपते ना ती. तू बोट हलवलंस की ओठ हलवते. मी आले असते आणि माझ्या हातात ती रडली असती तर? रोज वाटायचं उद्या जाऊ. रोज संध्याकाळी तुझा मेसेज यायचा, आणि वाटायचं, त्या दोघांचं छान चाललंय, मी कशाला मध्ये जाऊ.”

पाच दिवस. आई घरात, मुलगी पेटीत, मधे दोन किलोमीटर रस्ता आणि त्या रस्त्यावर बसून सुधन्वाने लिहिलेलं वाङ्मय. पंधरा वर्षांत त्याच्या एकाही टिपणाचा कोणावर काडीइतका परिणाम झाला नव्हता. झाला तो नेमका हा. त्याला लाज वाटली. साहेबासमोर चूक उघडी पडल्यावर वाटते तशी नव्हे, तर हातात मुलगी नसती तर दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं असतं अशी. आणि त्याच वेळी, हे त्याने पुढे रेवतीलाही कबूल केलं, त्याला विलक्षण हलकं वाटलं. घाबरट तो एकटाच नव्हता.

“मैडम रो क्यों रही हैं?” चेतना मॅडमनी विचारलं. “क्या कह रही हैं?”

आकडा एकशे बेचाळीस होता. मुलीने जांभई दिली, तिच्या मानाने खूपच मोठी.

“कह रही हैं, कल से आएँगी,” सुधन्वा म्हणाला. हेही खोटंच होतं, पण तोंडी होतं, आणि कान लाल व्हायचं काही कारण त्याला या वेळी दिसेना.

“कल नहीं,” टॅबमधून रेवती हिंदीत म्हणाली, सगळ्यांना कळेल अशा आवाजात. “अभी. मेरा घाव सूख गया है, डॉक्टर का पर्चा भी है. पानी से निकालने के बाद क्या करेंगे उसका?”

चेतना मॅडमनी घड्याळ पाहिलं. अजून चार मिनिटं पाण्यात, त्या म्हणाल्या, मग पुसून, गुंडाळून, तासभर कोणाच्या तरी छातीशी.

“फिर मैं आ रही हूँ,” रेवती म्हणाली. मग मराठीत, “सुधन्वा, ती रडली तर रडू दे. तू तिथेच थांब.”

तो थांबणारच होता, हे सांगायच्या आत रेवतीचा चेहरा पडद्यावरून गेला. तिने फोन पलंगावर टाकला असावा, कारण आता टॅबमध्ये नुसतं छत दिसत होतं, कोपऱ्यातला पंखा दिसत होता, आणि लांबून आवाज येत होते. कपाट उघडल्याचा. कुसुमावतीबाई काय झालं म्हणून विचारत होत्या. आई, तू आधी खाली जाऊन रिक्षा थांबव, मी येतेच, असं रेवती म्हणत होती. मग दार लागलं. सिस्टरने विचारलं, कॉल बंद करूँ? सुधन्वाने नको म्हणून मान हलवली, आणि पाण्यात मुलीला धरून रिकाम्या घराचं छत बघत राहिला.